तेराव्यानंतरचं वर्ष : ठाण्यात राहून आपल्या माणसाची आठवण कशी जपाल

घरातलं माणूस गेलं की पहिले तेरा दिवस काय करायचं ते सांगणारं कुणीतरी असतंच. दिवा कुठे ठेवायचा, कडू घास कोणाच्या घरून येणार, दहाव्याला किती वाजता निघायचं, सगळं कोणीतरी ठरवतं आणि आपण करत जातो. त्या दिवसांत स्वतः काही ठरवावं लागत नाही हा मोठा आधार असतो. खरी पंचाईत चौदाव्या दिवशी सुरू होते. पाहुणे परततात, मांडववाला खुर्च्या घेऊन जातो, रजा संपते आणि वर्षश्राद्धापर्यंतचे महिने समोर पसरलेले असतात. हा लेख त्या महिन्यांसाठी आहे.

मी नौपाड्यात राहते. बाबा आणि नंतर आई गेल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली. दुःखाला दिवस नेमून द्यावा लागतो, जागा द्यावी लागते आणि हाताला काम द्यावं लागतं. आपल्या रीतींनी यातलं पुष्कळ आधीच करून ठेवलेलं आहे. त्या जिथे थांबतात तिथून पुढे शिल्प, चित्र, गाणं, नाटक सोबत करतात. खाली जे सांगते आहे ते सगळंच करायला हवं असं नाही. तुमच्या घराला मानवेल तेवढं घ्या.

पहिल्या तेरा दिवसांत करायची दोन कामं

पहिलं काम विधींबाबत. श्रद्धा असो वा नसो, गुरुजींना आधीच फोन करून विचारा की दहाव्याला नेमकं काय होणार, किती वेळ लागणार, पिंडाला कोण बसणार. मुलीला बसायचं असेल तर तेही तेव्हाच स्पष्ट बोला, ऐन घाटावर वाद नको. काकस्पर्शाची वाट पाहताना घरातले एकेक जण पुढे होऊन "मी आईकडे बघेन, धाकट्याचं शिक्षण पुरं करेन" असं म्हणतात, तो क्षण घाईत उरकू नका. ज्या गोष्टी एरवी कोणी बोललं नसतं त्या तिथे सगळ्यांसमोर बोलल्या जातात. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून विधी पुरा करतात. त्याचा अर्थ "त्यांचा जीव अडकलाय" असा काढून कोणी घरच्यांना छळू नये.

अस्थी नाशिकला रामकुंडावर नेणारे ठाण्यात पुष्कळ आहेत, खाडीत सोडणारेही आहेत. खाडीत सोडत असाल तर फक्त अस्थी आणि फुलं सोडा. प्लास्टिकची पिशवी, कपडे, फोटोची फ्रेम परत घरी आणा. या खाडीत रोहित पक्षी उतरतात. २०१५ मध्ये तिच्या काही भागाला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा. आपलं माणूस ज्या पाण्यात सोडलं ते पाणी घाण करून कसं चालेल?

दुसरं काम आठवणी नोंदवण्याचं. बाराव्या-तेराव्याला गावाकडचे काका, मावशी, जुने शेजारी, ऑफिसातले मित्र एका छताखाली येतात. असं पुन्हा होणार नाही. घरातल्या एखाद्या भाचरावर जबाबदारी टाका, एका खोलीत बसून एकेकाशी दहा-पंधरा मिनिटं बोलायचं आणि फोनवर ध्वनिमुद्रण करायचं. "त्यांच्याबद्दल सांगा" असं विचारलं की लोक भाषण करतात. त्यापेक्षा "ते पहिल्यांदा मुंबईला आले तेव्हा कुठे उतरले होते?", "तिला कशाची भीती वाटायची?", "शेवटचं भांडण कशावरून झालं?" असं विचारा. खोलीतला पंखा तेवढा वेळ बंद करा, आवाज स्वच्छ येतो.

आधी आवाज वाचवा

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त आग्रह धरते, कारण इथे उशीर झाला तर भरून निघत नाही. माणसाचे फोटो घरात शेकडो असतात. आवाज मात्र फोनमधल्या चार व्हॉइस मेसेजमध्ये असतो, आणि तो फोन आपण महिन्याभरात बंद करून कपाटात टाकतो.

प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही, त्यात शिल्लकही नसली, तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. व्हॉट्सअॅपचं खातं साधारण १२० दिवस निष्क्रिय राहिलं की काढून टाकलं जातं. गुगलचं खातं दोन वर्षं उघडलंच नाही तर त्यातले फोटो आणि मेल पुसले जाऊ शकतात. म्हणून किमान वर्षभर छोटं रिचार्ज करत राहा आणि फोन आठवड्यातून एकदा चार्ज करून वाय-फायला जोडा. बँकेचे ओटीपी यायलाही नंबर चालू लागतोच.

मग तुमच्या स्वतःच्या फोनवर त्यांचं चॅट उघडा, मेनूतून "एक्सपोर्ट चॅट" निवडा आणि मीडियासकट साठवा. भावंडांनाही आपापल्या फोनवरून हेच करायला सांगा, प्रत्येकाकडे वेगळे मेसेज असतात. सगळं एका फोल्डरमध्ये आणून त्याच्या दोन प्रती करा. एक पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर, दुसरी दुसऱ्या कुणाच्या घरी. "दूध आणलंस का", "लोकल मिळाली का" असले मेसेज फालतू म्हणून पुसू नका. वर्षाने तेच ऐकावेसे वाटतात.

घरात जुन्या कॅसेटी असतील तर आधी त्यांच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती प्लेअरमध्ये घालू नका, कॅसेटी डिजिटल करून देणाऱ्या माणसाकडे न्या. आमच्याकडे बाबांची एक कॅसेट निघाली, त्यावर ते बालवाडीतल्या मला कविता म्हणायला लावत होते. माझ्या आवाजापेक्षा मधूनमधून त्यांचं हसणंच जास्त आहे त्यात.

ऐकायची घाई करू नका. आधी साठवा, ऐकणं पुढचं. काहींना महिनाभरात ऐकवतं, काहींना वर्ष लागतं.

भिंतीवरचा फोटो

बहुतेक घरांत दहाव्यासाठी धावपळीत आधार कार्डाचा किंवा पासपोर्टचा फोटो मोठा करून आणलेला असतो, आणि तोच पुढे कायम भिंतीवर राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी तो बदला. घरातल्या प्रत्येकाने आपल्या आवडीचा एकेक फोटो आणायचा, जेवणाच्या टेबलावर मांडायचे आणि मग ठरवायचं. त्या बसण्यातच निम्मं सांत्वन होतं. बाकीच्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने वर्ष, गाव आणि माणसांची नावं लिहा, बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. ज्यांना नावं माहीत आहेत अशा आत्या-मावश्या हयात आहेत तोवर हे उरका.

तिथी घरासाठी, तारीख स्वतःसाठी

मृत्यूच्या वेळी जी तिथी चालू होती ती त्या वर्षीच्या पंचांगातून किंवा कालनिर्णयातून आजच काढून लिहून ठेवा: मास, पक्ष, तिथी आणि वेळ. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं. त्यामुळे तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. म्हणजे तिथी आणि तारीख क्वचितच एकत्र येतात.

मला ही सोय वाटते. तिथीला कुटुंब जमतं, श्राद्ध किंवा दान होतं, पंगत बसते. त्या दिवशी तुम्ही यजमान असता, रडायला उसंत नसते. तारीख मात्र तुमची एकट्याची ठेवा. त्या दिवशी रजा घ्या आणि कोणाला न बोलावता त्यांच्या एखाद्या जागी जा. कोणाची जागा मासुंदा तलावाचा कट्टा असेल, कोणाची उपवन, कोणाची वाशीच्या बाजारातली ओळखीची वखार. वर्षभर मासिक श्राद्ध करणं आज अनेकांना जमत नाही. त्यांनी दर महिन्याला त्या तिथीला संध्याकाळी दिवा लावून घरातल्या सगळ्यांनी एकेक आठवण सांगायची, एवढं तरी ठरवावं. मुलांनाही त्यात घ्या. त्यांना आजोबांचा राग आलेला प्रसंग सांगायचा असेल तर सांगू द्या.

पितृपक्ष

भाद्रपद वद्य पक्षात ज्या तिथीला माणूस गेलं त्या तिथीला त्याचं श्राद्ध होतं. सवाष्ण गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला करतात. तिथी ठाऊकच नसेल तर सर्वपित्री अमावस्या आहे. पहिल्या वर्षी महालय करायचा की वर्षश्राद्धानंतरच सुरू करायचा, याबाबत घरोघरची रीत वेगळी असते. इंटरनेटवर शोधण्यापेक्षा घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला विचारा.

मी सांगेन ते स्वयंपाकाबद्दल. खीर, वडे, अळू, गवार, भेंडी, लाल भोपळा, कारलं, आमसुलाची चटणी, कढी असा ठरलेला बेत असतो, आणि त्यात गेलेल्या माणसाच्या आवडीचा एखादा पदार्थ घालतात. तो पदार्थ बाहेरून आणू नका. जो करायला शिकायचं राहिलं होतं तोच निवडा. दोन आठवडे आधी एकदा करून बघा, मावशीला फोन लावा, प्रमाण लिहून घ्या. आईचं माप "एवढुस्सं" आणि "हाताला लागेल तेवढं" असंच असायचं. आम्ही तिची वाटी, तिचा चमचा घेऊन पाणी मोजून मिलिलिटरमध्ये लिहिलं. ती वही आता घरात पोथीइतकी जपली जाते.

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या टॉवरमध्ये राहत असाल तर गच्चीची किल्ली आदल्या दिवशीच वॉचमनकडून मागून ठेवा, नाहीतर पान हातात घेऊन लिफ्टजवळ उभं राहावं लागतं. बराच वेळ कावळा आला नाही तर ते पान गाईला घालतात. भाजी-फुलांसाठी जांभळी नाका सकाळी लवकर गाठा, पितृपक्षात अळूच्या जुड्या फार वेळ टिकत नाहीत.

आपल्या शेजारीपाजारी हीच गोष्ट वेगळ्या दिवशी चालते. ठाण्यातले ख्रिस्ती २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात, बौद्ध घरांत पुण्यानुमोदन होतं, मुसलमानांत चाळिसावा. तुमच्या माणसाचा जिवलग मित्र दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याला आपल्या पंगतीला बोलवा आणि त्याच्या दिवशी तुम्ही जा.

दगडांकडे जा

आता कलेकडे येते. पहिल्या तीन-चार महिन्यांत संग्रहालय वगैरे सुचणार नाही, ते ठीक आहे. साधारण सहाव्या महिन्यात, जेव्हा लोक विचारायचे थांबतात, तेव्हा एक दिवस काढा आणि घोडबंदरमार्गे बोरिवली गाठा. सकाळी लवकर निघा, त्या रस्त्याची रहदारी तुम्हाला माहीत आहे.

बोरिवली पश्चिमेला एक्सरला वीरगळ आहेत. शिलाहार काळात समुद्रात लढून मेलेल्या माणसांची ती स्मारकं मानली जातात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्टीत लढाई, इथे तर चक्क वल्ह्यांच्या नावा. वरच्या पट्ट्यांत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर तो शिवपूजा करत बसलेला. वीरगळांवर सगळ्यात वर बहुधा चंद्र-सूर्य कोरतात, ते असेतो आठवण राहावी म्हणून. मेलेल्या माणसाची गोष्ट मरणापाशी न थांबवता आणखी दोन पट्ट्या वर नेणारा तो पाथरवट मला फार जवळचा वाटतो. तिथे उभं राहून स्वतःला विचारा, आपल्या माणसाचा दगड कोरायचा झाला तर तळाच्या पट्टीत काय येईल? बाबांच्या पट्टीत सात अठ्ठावीसची डबल फास्ट लोकल आली असती. घरी येऊन तीन पट्ट्या कागदावर काढा. चित्र येत नसेल तर शब्दांत लिहा.

तिथून पूर्वेला राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी, फाटकापासून सहा-सात किलोमीटरवर. सोमवारी उद्यान बंद असतं. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह बघून परततात. गुडघे साथ देत असतील तर पुढे सत्याऐंशी क्रमांकाच्या परिसरापर्यंत जा. तिथे इथल्या स्थविर, म्हणजे ज्येष्ठ, भिक्षूंच्या स्मरणार्थ बांधलेल्या विटांच्या छोट्या स्तूपांची रांग होती, आता बहुतेकांचे पायेच उरलेत. तिथल्या शिलालेखांत त्या भिक्षूंची नावं आहेत, डॉ. शोभना गोखले यांनी ती वाचून प्रसिद्ध केली. घरदार सोडलेल्या माणसांनाही आपल्या गेलेल्या सोबत्यांची नावं दगडात लिहावीशी वाटली. "अजून किती दिवस आठवण काढणार?" असं कोणी विचारलं तर मला ती रांग आठवते.

संग्रहालयात एकच वस्तू बघा

ठाण्याहून किंवा वाशीहून सीएसएमटीची लोकल पकडा, कामाचा वार निवडा. काळा घोड्याजवळ १९२२ मध्ये उघडलेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, पलीकडे जहांगीर कलादालन, तिथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत. सगळं बघायला जाऊ नका. एकटे जा किंवा फार न बोलणाऱ्या एका माणसाबरोबर.

संग्रहालयात सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपावरच्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. त्यांतला एक भक्त हातात कमळ घेऊन उभा आहे. पाचव्या-सहाव्या शतकातला हा माणूस स्तूपाशी, म्हणजे अस्थींच्या जागी, फूल घेऊन आलेला आहे. पाटी आधी वाचू नका. आधी पाच मिनिटं नुसतं बघा: हात कसा धरलाय, नजर कुठे आहे, कुठे झीज झालीय. मग पाटी वाचा, मग पुन्हा पाच मिनिटं. मनात आलेली तीन वाक्यं वहीत लिहा आणि बाहेर पडा. रडू आलं तर येऊ द्या, दालनातले रखवालदार समजूतदार असतात.

ही मूर्ती तुम्हाला काहीच बोलली नाही, असंही होईल. मग जहांगीरमध्ये ज्या कोणाचं प्रदर्शन लागलेलं असेल त्यातल्या एका चित्रासमोर तेच करा.

शब्द आणि रंगमंच

वाचायचं असेल तर नामदेवांचे समाधीचे अभंग घ्या. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगाचे ते अभंग. त्यात निवृत्तिनाथ, जे थोरले भाऊ आणि गुरूही, स्वतःला सावरू शकत नाहीत. "एवढं काय रडायचं" असं म्हणणाऱ्यांच्या घरात हे एकदा मोठ्याने वाचायला हवं. रोज दोन-तीनच वाचा, एका बैठकीत संपवू नका. नामदेव गाथेसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, १८९३ पासून ते शहराला पुस्तकं पुरवत आहे. परत करताना गेलेल्या माणसाच्या नावाने एखादं पुस्तक भेट देता येईल का ते विचारा.

नाटकाला गडकरी रंगायतन, घाणेकर किंवा वाशीचं विष्णुदास भावे. कडेची खुर्ची घ्या म्हणजे मध्येच उठावंसं वाटलं तर कोणाचे पाय तुडवावे लागणार नाहीत. विनोदी नाटकाला गेलात आणि पोटभर हसलात तर घरी येऊन मन खाईल. मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकातलं माणूस हानीकडे आणि रोजच्या जगण्याकडे आळीपाळीने जात असतं आणि हे येणं-जाणं निरोगी असतं. ते हसणं त्यातलंच आहे.

आईच्या साड्यांची गोधडी

कपाट एकटीने रिकामं करू नका, बहिणी-वहिनी बसवा. साड्यांचे तीन ढीग करा: द्यायच्या, नेसायच्या, गोधडीच्या. गोधडीला जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या घ्या. सिंथेटिक घसरते आणि टाके धरत नाही. एका माणसाच्या पांघरुणाला चार-पाच साड्या पुरतात. वर आणि खाली सगळ्यात आवडत्या, आत विरलेल्या. थर जमिनीवर अंथरून, सुरकुत्या काढून, आधी मोठे कच्चे टाके घाला, मग कडेकडून आत धावदोरा. काठ कापून टाकू नका, चौफेर लावा. रोज संध्याकाळी दोन ओळी घातल्या तरी काही महिन्यांत होते. जमत नसेल तर गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांना द्या, पण एक ओळ तरी घरातल्या प्रत्येकाने घालावी, पुरुषांनीसुद्धा. आणि एक साडी न धुता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वास फार दिवस राहत नाही, पण राहतो तेवढे दिवस तो लागतो.

पहिल्या वर्षीच्या सणांबद्दल थोडक्यात: दिवाळीला घरात तळण करत नसाल तर नातेवाइकांकडून आलेला फराळ संकोच न करता घ्या. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर गर्दी उसळते, ती झेपणार नसेल तर त्या सकाळी दारं लावून त्यांच्या आवडीची एक गाण्याची बैठक ऐका.

मदत कधी घ्यावी

सहा महिन्यांनंतरही रोजचं काम जमत नसेल, माणूस गेलं हेच पटत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये लांबलेल्या शोकाला स्वतंत्र विकाराचं स्थान आहे, आणि त्यावर उपचार आहेत. मरणाचे विचार येत असतील तर सहा महिन्यांचा हिशेब करायचाच नाही, त्याच दिवशी बोला. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी आणि पुढे

वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा जेवणानंतर अर्धा तास राखून ठेवा. बाराव्याला केलेलं ध्वनिमुद्रण थोडं ऐकवा, फोटोंची पेटी फिरवा, गोधडी दाखवा. पेनड्राइव्हच्या प्रती भावंडांना द्या. नंबर बंद करायचा की कोणाच्या नावावर घ्यायचा ते त्याच दिवशी एकत्र ठरवा.

पुढच्या वर्षीचं कालनिर्णय भिंतीवर लागलं की त्यात चार दिवसांवर खूण करा: तिथी, तारीख, पितृपक्षातला दिवस आणि त्यांचा वाढदिवस. आणि लगेच फोन करून विचारा, या वर्षी वडे कोण करणार.